आउट्रो लागला की श्रोते का जातात आणि आउट्रोचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मित्र मिळून मुलाखतींचा पॉडकास्ट करतात. पस्तीस-चाळीस मिनिटांचे २७ भाग झालेत. प्रत्येक भागाच्या शेवटी दीड मिनिटाचा आउट्रो असतो. सहकाऱ्याच्या भावाने बांधलेली धून वाजत राहते आणि तिच्यावर आभार, ईमेलचा पत्ता, ‘सबस्क्राइब करा’, पुढच्या भागात कोण येणार, कुणी काय काम केलं, असं सगळं ओळीने येतं. श्रोत्यांचा आलेख तोवर बरा चालतो आणि आउट्रो लागताच कड्यावरून ढकलल्यासारखा खाली जातो. तर धून बदलावी का, ती किती सेकंदांची असावी, आणि नावाजलेल्या कार्यक्रमांसारखं निरोपाचं एखादं ठरलेलं वाक्य असावं का?

मी रेडिओत शिकले आणि गेली अकरा वर्षं पॉडकास्टचं ध्वनिसंपादन करते. तुमचा एकही भाग ऐकलेला नाही, तेव्हा खालचं सगळं तुमच्या वर्णनावरून आणि माझ्या सवयींवरून आहे. काही गोष्टी तुमच्या कार्यक्रमाला लागू पडणार नाहीत. जिथे तसं वाटेल तिथे सांगेन.

आधी त्या आलेखाबद्दल. तो सगळ्यांचाच पडतो. ॲपल असो की स्पॉटिफाय, भाग कुठपर्यंत ऐकला गेला हे दोन्हीकडे निर्मात्याला दिसतं, आणि मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक आलेखाला शेवटी हा कडा आहे. कारण साधं आहे. संगीत वर आलं की ऐकणाऱ्याला कळतं, झालं. भांडी घासणारा हात पुसतो, चालायला गेलेला खिशातून फोन काढतो, झोपेला टेकलेला स्क्रीन चाचपडतो. तुम्ही स्वतः दुसऱ्यांचे पॉडकास्ट ऐकताना काय करता ते आठवा. यात तुमची धून कुठे कमी पडलेली नाही, ती आपलं काम चोख करते आहे.

अडचण अशी आहे की श्रोत्याला जे जे सांगायचं ते सगळं तुम्ही कड्याच्या पलीकडे नेऊन ठेवलंय. पाहुण्यांना निरोप द्यायचा, दार लावून घ्यायचं आणि मग आतून ओरडून सांगायचं, पुढच्या आठवड्यात या बरं का, येताना मित्रांनाही आणा! धून बदललीत तरी दार लागलेलंच राहील.

माझी आणखी एक शंका आहे. तुम्ही लिहिलंय, ‘मुलाखत संपली की म्युझिक सुरू होतं.’ ती संपते कशी? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कच्च्या टेप अशा संपतात: ‘तर... खूप छान वाटलं तुमच्याशी बोलून.’ ‘मलाही.’ ‘वेळ काढलात त्याबद्दल मनापासून आभार.’ ‘अहो, आभार कसले, तुम्हीच बोलावलंत.’ ‘पुन्हा नक्की या.’ ‘नक्की, नक्की.’ समोरासमोर बसलेल्या माणसांना हे बोलावंच लागतं, त्याशिवाय उठता येत नाही. ऐकणाऱ्याला कुठे उठायचंय? त्याच्यासाठी पहिल्या ‘तर’लाच भाग संपलेला असतो. म्हणजे तुमचा कडा संगीताच्याही अर्धा मिनिट अलीकडे सुरू होत असेल. आलेख मोठा करून बघा.

म्हणून आउट्रोला हात लावण्याआधी मी भागाचा शेवट शोधते. टेप ऐकताना खुणा करत जाते: इथे संपू शकतं. पाऊण तासाच्या गप्पांत अशा तीन-चार जागा सापडतात. बहुतेकदा पाहुणा बोलून थांबलेला असतो आणि होस्टला पुढचा प्रश्न सुचायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. लिहून काढलेल्या मजकुरात हा वेळ दिसत नाही, त्यामुळे जे लोक कागदावर एडिट करतात त्यांच्या हातून या जागा हमखास सुटतात.

जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची मुलाखत होती. एकतिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, ‘बंद घड्याळ घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, कधीपासून बंद आहे. लोकांना बहुतेक दिवस आठवतो.’ त्यानंतर नऊ मिनिटं सुटे भाग मिळत नाहीत, शिकायला कुणी येत नाही, असं बोलणं झालं आणि मग आभार. मी ती नऊ मिनिटं आधी घेतली, घड्याळ आणणाऱ्या लोकांचा भाग शेवटी आणला आणि आभार काढून टाकले. होस्ट रागावला. म्हणाला, हे असं बोलणं झालंच नव्हतं. त्याचं म्हणणं रास्त होतं. क्रम बदलल्याने अर्थ बदलत असेल किंवा उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटत असेल तर हात लावू नये. इथे तसं होत नव्हतं. पाहुण्यांना ऐकवलं, ते हो म्हणाले, भाग तसा गेला. आलेख त्या शेवटच्या वाक्यापर्यंत सपाट राहिला आणि मग नेहमीसारखाच पडला. फरक एवढाच, की पलीकडे आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

क्रम हलवणं तुम्हाला पटत नसेल तर रेकॉर्डिंगच्या वेळीच शेवटच्या प्रश्नाची तयारी ठेवा. फक्त ‘श्रोत्यांना काय संदेश द्याल?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्या पाहुण्यांचं सारखं असतं. बारीक, ठोस काहीतरी विचारा. उद्या सकाळी काय करणार आहात, हा प्रश्नसुद्धा चालतो. आणि आभार मानायचेच असतील, मानावेतच, तर माइक बंद झाल्यावर मनसोक्त माना. ऐकणाऱ्यासाठी होस्टने नंतर रेकॉर्ड केलेली एक ओळ पुरते, पाहुण्यांच्या पूर्ण नावासकट. सदतीस मिनिटं ऐकून झाल्यावर नाव विसरलेलं असतं, तेव्हा ती ओळ खरोखर उपयोगाची ठरते.

शेवटचं वाक्य आणि संगीत यांच्यामध्ये जागा किती ठेवायची? हलक्याफुलक्या भागात एक सेकंद, वाक्य जड असेल तर दोन-तीन. पण इथे एक गंमत आहे, जी मला फार उशिरा कळली. ओव्हरकास्ट या पॉडकास्ट ऐकायच्या ॲपमध्ये स्मार्ट स्पीड नावाची सोय आहे, पॉकेट कास्ट्स या ॲपमध्येही तसंच आहे. ती चालू असली की ॲप शांत जागा आखडून टाकतं. तुम्ही मोजूनमापून राखलेले अडीच सेकंद श्रोत्याच्या कानात पोचेपर्यंत पाव सेकंद होऊ शकतात आणि धून वाक्याच्या अंगावर येऊन पडते. म्हणून आता मी पूर्ण शांतता ठेवतच नाही. धुनीचा पहिला लांब सूर शेवटच्या शब्दाखाली अगदी हलका सुरू करते आणि तसाच रेंगाळू देते. ॲपला ती शांतता वाटत नाही. माणसाला वाटते.

आता मागण्यांकडे येऊ: सबस्क्राइब करा, रेटिंग द्या, ईमेल पाठवा, मित्रांना सांगा. चारही एका दमात मागितल्या की एकही मिळत नाही. एका भागात एकच मागा आणि तीही कड्याच्या अलीकडे. मधे विषय बदलतो तिथे, किंवा शेवटच्या प्रश्नाच्या थोडं आधी, दहा-बारा सेकंदांत. होस्टने नुसतं ‘शेवटाकडे जाण्याआधी एक विनंती’ म्हटलं तरी चालतं. ‘शेवटाकडे’ हा शब्दच माणसाला थांबवतो, कारण काहीतरी अजून यायचंय. कुठली विनंती, हे कार्यक्रमाच्या वयावर आहे. २७ भागांच्या कार्यक्रमाला रेटिंगपेक्षा एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेली लिंक जास्त कामाची, असं माझं मत. आणि ‘तुमच्या प्रतिक्रिया कळवा’ हे तर टाकूनच द्या. नेमका प्रश्न विचारलात तर लोक लिहितात, मोघम बोलावलंत तर लिहीत नाहीत.

पुढच्या भागाची झलक तुमच्यासारख्या सुट्या मुलाखतींना फारशी लागत नाही. कथा भागांमधून पुढे जात असेल तर मात्र ती लागतेच, आणि मग संगीत झलकेनंतर यायला हवं, आधी नाही. झलक ठेवायचीच असेल तर पुढच्या पाहुण्याचं एक वाक्य त्याच्याच आवाजात ऐकवा. ‘पुढच्या भागात आपण एका अतिशय रंजक व्यक्तीला भेटणार आहोत’ यात माहिती शून्य आहे.

श्रेयनामावली काढून टाका असं मी म्हणणार नाही, कारण त्या नावांत माझंही नाव असतं! पण ती कानाला यादीसारखी लागू नये. दोन-तीन नावं बोला, बाकीची शो नोट्समध्ये लिहा. नावं जास्तच असतील तर त्यातून काहीतरी करता येतं. अमेरिकेतल्या रेडिओलॅब या कार्यक्रमाने श्रेयनामावली स्वतः वाचण्याऐवजी श्रोत्यांच्या आणि पाहुण्यांच्या तोंडून वाचून घेतली, फोनवर, अडखळत. अडखळणं कापलं नाही, त्यामुळे ती ऐकावीशी वाटते. १९९५ साली शिकागोत सुरू झालेल्या ‘धिस अमेरिकन लाइफ’मध्ये निवेदक आयरा ग्लास शेवटी कार्यक्रमाचे सहसंस्थापक टोरी मलाटिया यांचे आभार मानतो आणि मग त्याच भागातलं एखादं वाक्य संदर्भ सोडून त्यांच्या तोंडी घालतो. भाग पूर्ण ऐकलेल्यालाच तो विनोद कळतो. शेवटपर्यंत थांबणाऱ्याला हातात काहीतरी मिळतं. हा विनोद उचलू नका, त्यामागची युक्ती उचला: कड्याच्या पलीकडे ठेवायचंच तर बक्षीस ठेवा, काम नको.

तुमचा तिसरा प्रश्न ठरलेल्या निरोपाच्या वाक्याचा. यावर माझं मत पूर्वी फार ठाम होतं, आता तेवढं नाही.

वॉल्टर क्रॉन्काइट १९६२ ते १९८१ सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या देत. शेवटी ‘आणि हे असं आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य आणि त्यापुढे त्या दिवसाची तारीख म्हणत. आज ते वाक्य दंतकथा झालंय, पण तेव्हाचे सीबीएस न्यूजचे प्रमुख रिचर्ड सॅलंट यांना ते आवडत नसे. आपण सांगितलं तेच आणि तेवढंच जगात घडलं, असा दावा त्यातून होतो, असं त्यांना वाटे. खुद्द क्रॉन्काइटही ज्या दिवशी शेवट स्वतःच्या मतप्रदर्शनाने करत, त्या दिवशी ते वाक्य गाळत. मला यात शिकण्यासारखं हे दिसतं, की इतक्या पक्क्या वाक्यालाही सुट्टी देण्याचे दिवस असतात. १९८० च्या जानेवारीपासून त्यांनी त्याला आणखी एक शेपूट जोडलं: इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांच्या कैदेचा आजचा कितवा दिवस. ४४४ व्या दिवशी सुटका होईपर्यंत ते चाललं. वाक्य तेच राहिलं आणि त्याच्यातला एक आकडा रोज बदलत गेला. ठरलेल्या निरोपात एखादी हलती जागा असली की तो शिळा होत नाही.

आणि याच्या उलट उदाहरण त्यांच्याच खुर्चीवर नंतर बसलेल्या डॅन रादरचं. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये त्याने शेवटी नुसतं ‘धैर्य’ असं म्हणायला सुरुवात केली. कारण कुणालाच कळेना. टिंगल झाली आणि जेमतेम आठवड्याभरात ते बंद पडलं. शब्दात वाईट काही नव्हतं. तो कार्यक्रमातून आलेला नव्हता, वरून चिकटवलेला होता.

म्हणून नव्या होस्टला मी सांगत असे, निरोपाचं वाक्य शोधू नका. पहिले वीसेक भाग साधं बोला, एखादं वाक्य आपोआप तोंडात बसेल, तेच तुमचं. एका होस्टने ऐकलं नाही. तिने पहिल्याच भागापासून एक वाक्य ठरवलं होतं: ‘आता फोन ठेवा आणि खिडकीबाहेर बघा.’ मला ते कृत्रिम वाटलं, मी दोनदा कापलं, तिने दोनदा परत घातलं. वर्षभराने लोक खिडकीतले फोटो पाठवायला लागले. तेव्हा माझा अंदाज चुकू शकतो, हे धरून चाला. पण तिच्या वाक्यात एक गोष्ट होती. ऐकणारा पुढच्या क्षणी काय करणार आहे, हे त्या वाक्याला ठाऊक होतं: फोन खाली जाणार. न्यूयॉर्क टाइम्सचा बातम्यांचा पॉडकास्ट ‘द डेली’ रोज येतो, तिथे होस्ट मायकल बार्बारोचं ‘उद्या भेटू’ एवढंच पुरतं, कारण तो खरंच उद्या भेटतो. तुम्ही पंधरवड्याला एकदा येत असाल आणि कधी महिना चुकवत असाल तर ‘पुढच्या आठवड्यात भेटू’ हे वाक्य तुमचं खोटं बोलणं वाढवत नेईल.

तुमच्या २७ भागांचे शेवट एका फाइलमध्ये एकापाठोपाठ लावून ऐका. तुम्ही दोघं नकळत काहीतरी परत परत म्हणत असाल. ते सापडलं आणि आवडलं तर ठेवा. नाही सापडलं तर ‘मी अमुक’, ‘मी तमुक’, ‘येतो’ एवढं म्हणून थांबा, चालतं. दोन होस्ट असतील तर मात्र शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरवा, नाहीतर दोघं एकदम ‘बाय’ म्हणता आणि मग दोघंही हसता. पहिल्यांदा ते गोड वाटतं.

इथवर सांगितलेलं एका रेषेत लावलं तर असं दिसेल: शेवटचं खरं वाक्य, त्याखाली रेंगाळणारा सूर, धून चार-पाच सेकंद मोकळी, मग होस्टच्या दोन ओळी, पुन्हा धून वर येऊन समेवर बंद. सगळं मिळून तीस ते चाळीस सेकंद. दीड मिनिट मुलाखतींच्या कार्यक्रमाला जास्तच. याला अपवाद आहेत. झोपण्याआधी ऐकायचे कार्यक्रम दोन-तीन मिनिटं संगीत ठेवतात आणि ते बरोबर आहे, तिथे श्रोत्याने निघून जाणं म्हणजेच झोपणं. कथाकथनाच्या भागातही शेवट खोल गेला असेल तर मिनिटभर संगीत लोक ऐकतात. पण ते मिनिट कथेने कमवावं लागतं.

आता धुनीबद्दल. तिचा मूड एकच असेल तर कधीतरी तुम्ही फसणार. मी फसले आहे. अपघातात मुलगा गेलेल्या एका आईची मुलाखत होती, आणि तिच्या शेवटच्या वाक्यापाठोपाठ आमची नेहमीची उडती, टाळ्या वाजवणारी धून. चूक संपूर्ण माझी. टेम्प्लेटमध्ये आउट्रो आपोआप चिकटलेला असायचा आणि मी त्या रात्री पूर्ण भाग न ऐकता फाइल चढवली. एका श्रोत्याची एका ओळीची ईमेल आली: ‘तुम्ही स्वतः ऐकलं होतं का?’ उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमासाठी मी एकाच धुनीची चार रूपं मागून घेते: पूर्ण, तालवाद्य काढलेलं, एकाच वाद्यावर संथ वाजवलेलं आणि सहा-सात सेकंदांचं छोटं स्टिंग. सूर ओळखीचा राहतो, पोशाख बदलतो. तुमच्याकडे संगीतकार घरचाच आहे, त्यामुळे हे तुम्हाला सोपं आहे. त्याला तयार मिक्ससोबत स्टेम्स द्यायला सांगा, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल. मग संथ रूप सोडून बाकीची तुम्हीच बनवू शकता.

धून संपवण्याचे दोन मार्ग आहेत, फेड करणं (आवाज हळूहळू विरवणं) किंवा खरंखुरं संपवणं. मी शक्य तिथे दुसरा घेते. फेडमध्ये धून कुठेतरी चालू राहिली आणि आपण तिथून निघून आलो असं वाटतं. समेवर येऊन थांबलेली धून म्हणजे पूर्णविराम. प्रश्न एवढाच, की होस्टचं बोलणं दर भागात कमी-जास्त होतं, मग धून नेमक्या जागी संपवायची कशी? रेडिओत याला बॅकटाइमिंग म्हणायचे. कार्यक्रम साडेएकोणतीस मिनिटांनी संपवायचा आणि धून दीड मिनिटाची, तर ती अठ्ठाविसाव्या मिनिटाला फेडर (आवाज वर-खाली करायची सरकपट्टी) बंद ठेवून सुरू करायची. वाजते आहे, पण कुणाला ऐकू येत नाही. निवेदक आवरायला लागला की फेडर वर घ्यायचा. धून आपल्या जागी, घड्याळाच्या ठोक्याला संपते. माझ्या वरिष्ठांनी मला हे स्टॉपवॉच हातात देऊन शिकवलं, आणि पहिल्या दिवशी मी फेडर वर घेतला तेव्हा धून संपून गेलेली होती.

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फार सोपं आहे. धुनीचं शेवटचं टोक आधी लावा, होस्टच्या शेवटच्या शब्दानंतर चार-पाच सेकंदांवर, आणि तिथून मागे या. सुरुवात जिथे पडेल तिथे पडू द्या. ती मध्येच सुरू होत असेल तर बारच्या (तालाच्या एका आवर्तनाच्या) पहिल्या मात्रेवर कापा. चार मात्रांचा बार आणि १२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, असेल तर एक बार बरोबर दोन सेकंदांचा होतो, म्हणजे आठ बारचा तुकडा १६ सेकंदांचा. दोन तुकडे जोडायचे असतील तर जोड होस्टच्या बोलण्याखाली लपवा, कुणाच्या लक्षात येत नाही. धुनीला शेवटच नसेल, लूपच असेल, तर पहिल्या मात्रेवर तोडून त्या एका ठोक्याला लांब रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी, द्या. ऐकणाऱ्याला ती संपल्यासारखी वाटते.

फेडच करायचा असेल तर सरळ रेषेतला नको. सरळ फेड कानाला सरळ लागत नाही. अर्धं अंतर कापलं तरी आवाज जेमतेम ६ डेसिबलने उतरलेला असतो, दहातला नववा हिस्सा संपतो तेव्हा २० डेसिबलने, आणि उरलेल्या तुकड्यात एकदम नाहीसा होतो. खूप वेळ काहीच नाही आणि मग खड्डा, असं वाटतं. आधी लवकर उतरणारी आणि शेवटी रेंगाळणारी वक्र रेषा घ्या. सहा ते दहा सेकंद द्या, आणि ती एखाद्या ओळीच्या शेवटी विरेल असं बघा.

पातळ्यांचं थोडक्यात. बोलण्याखाली धून मी साधारण १८ ते २० डेसिबल खाली ठेवते. बासरी, व्हायोलिन अशी वाद्यं बोलण्याच्याच पट्ट्यात येतात, ती अजून खाली न्यावी लागतात किंवा तिथे काढून टाकावी लागतात. गाण्याचे शब्द असलेला तुकडा बोलण्याखाली नकोच, दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं होतं. ॲपलची शिफारस पूर्ण भागासाठी उणे १६ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप), एक डेसिबल इकडे-तिकडे, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डेसिबलच्या आत अशी आहे. ती पाळली तरी शेवटची धून बोलण्यापेक्षा मोठी वाटू शकते, कारण बोलण्यात मोकळ्या जागा असतात, संगीतात नसतात. शेवट रात्री शांत खोलीत इअरफोनवर ऐका. डोळे मिटलेल्या माणसाला दचकवत असेल तर दोन-तीन डेसिबल उतरवा. फाइलच्या अगदी शेवटी एक सेकंद रिकामा ठेवा, नाहीतर ॲप पुढचा भाग लगेच सुरू करतं आणि विरणाऱ्या सुरावर कुणीतरी तिसराच बोलायला लागतो.

आता सहकाऱ्याच्या भावाची धून. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे, असं मला वाटतं. दीड मिनिट तुम्ही धुनीसाठी ठेवलंय, कार्यक्रमासाठी नाही. त्याने मेहनतीने बांधली, ती कापायची कशी?

पहिलं म्हणजे, घरचं असलं तरी लिहून घ्या. धुनीत दोन वेगळे हक्क असतात, रचनेचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा एक. दोन्हींबाबत साधं पत्र करा: कुठे वापरणार, कापता-बदलता येईल का, पुढे जाहिराती आल्या तर काय, तुमच्यापैकी एकजण बाहेर पडला तर कार्यक्रमाकडे धून राहील का. वाजवणारे इतर कुणी असतील तर त्यांचीही संमती. तुम्ही दोघं आणि तो आज एकमेकांशी नीट बोलता आहात, हीच हे करायची वेळ. (आणि त्याच्याऐवजी बाहेरचं संगीत घ्यायचा विचार असेल तर, काही सेकंद वापरलं तर चालतं ही समजूत चुकीची आहे. ‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे फुकट असंही नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांतही काहींना श्रेय लागतं, काहींना व्यावसायिक वापर चालत नाही. परवान्याची प्रत जपून ठेवा. भाग यूट्यूबवर चढवलात की ती कधीतरी लागतेच.)

दुसरं, त्याला कापाकापी सांगू नका, काम सांगा. चार रूपं हवीत, त्यातलं एक सहा-सात सेकंदांत समेवर येणारं. संगीतकाराला हे ‘तुझी धून छोटी करतोय’ यापेक्षा नक्कीच बरं वाटेल, आणि तो तुमच्या कात्रीपेक्षा चांगलं करेल. दीड मिनिटाची मूळ धून सीझनच्या शेवटच्या भागाला पूर्ण वाजवा, तिच्यावर एकही शब्द न बोलता, आणि त्याचं नाव ती सुरू होण्याआधी घ्या.